कॉकाटील पाळताय? पिंजरा, आहार, आजार आणि घरातले धोके: आणण्याआधी हे वाचा

डोक्यावर तुरा, गालावर केशरी ठिपका आणि शिट्टीवर एखादं गाणं. कॉकाटीलचा असा व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. तो बघून घरातलं पोर हट्ट धरतं, आपणही विरघळतो आणि पुढच्या रविवारी पक्ष्यांच्या बाजारातून एक छोटा पिंजरा घरी येतो. अनेक दुकानांत याच पक्ष्याला ‘कॉकटेल’ म्हणतात. नाव वेगळं, पक्षी तोच.

व्हिडिओत दिसत नाही ते असं. हा पक्षी नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. म्हणजे पाचवीतल्या मुलासाठी आणलेला कॉकाटील ते मूल नोकरीला लागलं तरी घरात असू शकतो. प्रत्यक्षात मात्र अनेक पक्षी पहिल्या काही वर्षांतच दगावतात. गरम झालेला नॉनस्टिक तवा, चालू पंखा, फक्त बियांचं खाणं, उशिरा लक्षात आलेला आजार ही त्यामागची नेहमीची कारणं. त्यातली बहुतेक टाळता येतात. कशी, ते एकेक करून पाहू.

हा पक्षी नेमका कोण?

कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, मोकळ्या प्रदेशातला. त्याचं शास्त्रीय नाव ‘निम्फिकस हॉलंडिकस’. यातलं ‘हॉलंडिकस’ हे ऑस्ट्रेलियाच्या ‘न्यू हॉलंड’ या जुन्या नावावरून आलं. दिसायला पोपटासारखा असला, तरी तो काकाकुवाच्या कुळातला आणि त्या कुळातला सर्वांत लहान सदस्य आहे. लांबी साधारण ३० ते ३३ सेंटिमीटर, त्यातली जवळपास निम्मी शेपटीच. वजन ८० ते १२० ग्रॅमच्या दरम्यान.

रानात हे पक्षी थव्याने राहतात, पाणी आणि गवताचं बी शोधत लांबवर उडतात आणि जमिनीवर उतरून चरतात. पाळताना तीन गोष्टी इथूनच लक्षात घ्यायच्या. त्याला सोबत लागते, उडायला जागा लागते आणि जरा आवाज झाला की तो दचकतो, कारण रानात दचकणाराच वाचतो.

ऑस्ट्रेलियातून तिथल्या पक्ष्यांच्या व्यापारी निर्यातीला अनेक दशकांपासून बंदी आहे. आपल्याकडे विकले जाणारे कॉकाटील पिंजऱ्यातच पिढ्यान् पिढ्या वाढलेल्यांचे वंशज आहेत. करडा हा मूळ रंग. पिवळट पांढरा ल्युटिनो, ठिपक्यांचा पर्ल, डागांचा पाईड, पांढऱ्या चेहऱ्याचा व्हाईटफेस हे सगळे पैदाशीतून टिकवलेले रंग. रंग बदलला तरी देखभाल तीच राहते. ल्युटिनोच्या तुऱ्यामागे थोडं टक्कल दिसलं तर घाबरू नका, त्या रंगात ते आनुवंशिक असतं.

पाळणं कायदेशीर आहे का?

हो. गोंधळ होतो तो देशी पोपटांमुळे. आपला हिरवा पोपट, म्हणजे गळ्याभोवती कंठ असलेला राघू, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. तो पकडणं, विकणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. कॉकाटील परदेशी प्रजाती असल्याने त्याला ही बंदी लागू होत नाही.

परदेशी प्राण्यांच्या नोंदणीबद्दलही अनेकजण विचारतात. वन्यजीव व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत पोपटवर्गातले जवळपास सगळे पक्षी आहेत. त्यातून वगळलेल्या मोजक्या प्रजातींत कॉकाटील आणि बजरीगर, म्हणजे आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणून घेतो ते छोटे पक्षी, येतात. त्यामुळे आफ्रिकन ग्रे किंवा मकाऊसाठी सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागणारी नोंदणी कॉकाटीलला लागत नाही.

पण प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सगळ्यांनाच लागू आहे. प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दुकानदाराला नोंदणीबद्दल विचारा आणि पावती घ्या.

पिल्लू निवडताना होणारी मोठी चूक

“लहानच घ्या, हाताने भरवलं की लळा लागतो,” असं सांगून पंख न फुटलेली पिल्लं विकली जातात. सोबत पावडरीचं पाकीट आणि सिरिंज. नवख्या माणसाने हे करू नये.

पिल्लाला भरवायची पेज साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असावी लागते. त्याहून बरीच गरम झाली तर घशाखालची अन्नाची पिशवी भाजते. थंड झाली तर अन्न पचत नाही, आत आंबतं. सिरिंज जरा चुकली की पेज श्वासनलिकेत जाते आणि पिल्लू गुदमरतं. घरी भरवताना पिल्लं जातात ती बहुतेक या तीन कारणांनी.

स्वतःहून दाणे खाणारं, साधारण १० ते १२ आठवड्यांचं पिल्लू घ्या. विक्रेत्यासमोर ते दाणे सोलून खातंय ना, हे स्वतः पाहा. लळा लागण्यासाठी सिरिंज लागत नाही. माणसांत वाढलेलं आणि रोज वेळ दिलेलं पिल्लू याही वयात छान माणसाळतं.

तब्येत बघताना हे तपासा:

- डोळे स्वच्छ आणि उघडे, नाकपुड्या कोरड्या.
- गुदद्वाराजवळची पिसं स्वच्छ, विष्ठा चिकटलेली नाही.
- श्वास घेताना शेपटी ठळकपणे वरखाली होत नाही.
- दोन्ही पायांवर घट्ट बसतं आणि आजूबाजूला बघतं.
- बाकीचे पक्षीही ठीक दिसतात. एक जरी फुगून कोपऱ्यात बसला असेल, तर त्या दुकानातून घेऊ नका.

नर की मादी, हे लहानपणी ओळखणं अवघड. पहिली पिसगळ झाल्यावर करड्या रंगात नराचा चेहरा ठळक पिवळा होतो. मादीचा चेहरा करडाच राहतो आणि शेपटीखाली पट्टे दिसतात. शिट्ट्या आणि नकला बहुतेक नर करतो. ल्युटिनो, पाईड अशा रंगांत मात्र नुसतं बघून खात्री होत नाही, डीएनए चाचणीच करावी लागते.

घरात आधीपासून पक्षी असतील, तर नवा पक्षी किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा.

पिंजरा: उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची

पक्षी वरखाली नाही, आडवा उडतो. म्हणून उंच आणि अरुंद पिंजऱ्यापेक्षा रुंद पिंजरा चांगला. एका कॉकाटीलसाठी किमान ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच पिंजरा हवा. जास्त मोठा असेल तर उत्तमच. गोल पिंजरा टाळा. तुरा आणि शेपटी कुठेही न घासता पंख पूर्ण पसरता आले पाहिजेत.

गजांमधलं अंतर दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. काही गज आडवे असले तर पक्ष्याला चढता येतं. गंजलेला किंवा रंगाचे पोपडे निघणारा जुना पिंजरा वापरू नका. पक्षी चोचीने ते पोपडे खातो आणि त्यातलं शिसं किंवा जस्त अंगात भिनतं.

सगळीकडे एकाच जाडीची प्लास्टिकची दांडी बसवली की पायाच्या तळव्यावर एकाच ठिकाणी दाब येतो आणि फोड होतात. त्याऐवजी पेरू, कडुनिंब किंवा शेवग्याच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या लावा. औषध न फवारलेल्या झाडाची फांदी घ्या, धुऊन उन्हात कडक वाळवा. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी असते.

पिंजरा कुठे ठेवायचा? माणसांची ये-जा असलेल्या खोलीत, एका बाजूला भिंत येईल असा, डोळ्यांच्या उंचीच्या आसपास. स्वयंपाकघरात नाही, एसी किंवा कूलरच्या थेट झोतात नाही आणि दिवसभर ऊन पडणाऱ्या खिडकीतही नाही. तळाशी साधा कागद घाला आणि तो रोज बदला. पाण्याचं भांडंही रोज घासा, कारण त्याच्या कडेला बुळबुळीत थर बसतो आणि जंतू तिथेच वाढतात.

आहार: नुसत्या बिया म्हणजे रोज फरसाण

दुकानात मिळणाऱ्या मिश्रणात कांगणी म्हणजे आपलं राळं, बाजरी, कॅनरी सीड आणि बरंच सूर्यफुलाचं बी असतं. पक्षी त्यातलं सूर्यफूल आधी वेचतो, कारण त्यात तेल जास्त. वर्षानुवर्षं हेच खाल्लं की यकृतावर चरबी चढते आणि ‘अ’ जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी पडतं. बाहेरून पक्षी ठणठणीत दिसतो आणि एक दिवस अचानक जातो. त्याचं दुखणं मात्र कैक महिन्यांचं असतं.

साधारण मेळ असा ठेवा: निम्म्याहून थोडं अधिक चांगल्या प्रतीचं पेलेट, पाव भाग भाज्या आणि मोडाची कडधान्यं, उरलेलं राळं-बाजरीसारखं बारीक बी. फळ रोज एखादा लहान तुकडा. सूर्यफूल फक्त बक्षीस म्हणून, दिवसाला दोन-चार दाणे.

चालणाऱ्या गोष्टी:

- मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, ब्रोकोली.
- गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, मटार, मक्याचं कोवळं कणीस.
- मोड आलेले मूग आणि मटकी. दोन वेळा धुऊन द्या, वास आला तर टाकून द्या.
- शिजवलेला भात, दलिया किंवा नाचणी, मीठ-तेलाशिवाय.
- पपई, पेरू, आणि बिया काढलेलं सफरचंद.
- आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा.

पालक कधीतरीच, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम शोषू देत नाही. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला कटलफिश बोन लावा. आयुर्वेदिक दुकानांत समुद्रफेण म्हणून मिळतं ते हेच. वाळू किंवा ग्रिटची गरज नाही, कॉकाटील दाणा सोलून खातो.

पेलेट पहिल्या दिवशी तो बघणारही नाही. बियांमध्ये थोडं थोडं मिसळत काही आठवड्यांत प्रमाण वाढवा. उपाशी ठेवून सवय लावू नका. एवढ्याशा पक्ष्याला एक-दोन दिवसांची उपासमारही जिवावर बेतते.

हे कधीच देऊ नका

ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा, लसूण, कच्चा राजमा, सफरचंदाच्या बिया, खारट आणि तळलेले पदार्थ. “आपल्या ताटातलं एक वेफर दिलं तर काय होतं?” असा प्रश्न येतोच. त्याचं वजन ९० ग्रॅम आणि तुमचं ६० किलोच्या आसपास आहे, हा हिशेब मनात ठेवा. तुमची चिमूट ही त्याची मूठ असते.

तोंडातला घासही देऊ नका. माणसाच्या लाळेतले जंतू पक्ष्याला बाधतात.

स्वयंपाकघर, देवघर आणि पंखा

पक्ष्याची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा फार वेगळी असते. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे ताजी हवा फुप्फुसांतून जवळपास सतत एकाच दिशेने वाहत राहते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू तो असा मिळवतो. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच झपाट्याने रक्तात जातं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत असत, ते याच कारणाने. तुमच्या घरातल्या हवेचा पहिला फटकाही कॉकाटीललाच बसतो.

नॉनस्टिक भांडी: यांच्यावर पीटीएफई नावाच्या पदार्थाचा थर असतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर राहिला आणि साधारण २६० अंशांच्या वर तापला की त्यातून विषारी वायू सुटतो. आपल्याला फारसं काही जाणवत नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. दुसऱ्या खोलीत असला तरी. काही एअर फ्रायर, सँडविच मेकर, इस्त्री आणि रूम हीटर यांच्यातही हा थर असतो. पक्षी असलेल्या घरात बिडाचा किंवा स्टीलचा तवा वापरणं हाच खरा उपाय. आपल्याकडे तो असतोच, फक्त माळ्यावरून काढायचा.

धूर आणि वास: उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, परफ्यूम, सिगारेट, फोडणीचा ठसका. पूजा बंद करायची गरज नाही. पक्षी दुसऱ्या खोलीत, दार लावून आणि खिडकी उघडी ठेवून. पेस्ट कंट्रोल किंवा घराला रंग असेल तेव्हा पक्ष्याला काही दिवस दुसऱ्या घरी हलवा.

छताचा पंखा: पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी पंखा बंद, हा घराचा नियम करा. नुसतं लक्षात ठेवू नका, बटणाजवळ चिठ्ठी लावा, म्हणजे पाहुण्यांनाही कळेल.

बाकीचं: उघडी खिडकी, मोठे आरसे आणि काचा, पाण्याने भरलेली बादली, उघडा कमोड, गॅसवरचं पातेलं, विजेच्या वायरी. आणि पायाखाली येणं. कॉकाटीलला जमिनीवर चालायला आवडतं, त्यामुळे तो बाहेर असताना सगळ्यांनी खाली बघून चालायचं. मांजर कितीही गरीब असली तरी तिला त्याच्यासोबत एकटं सोडू नका. तिच्या दाताचा किंवा नखाचा बारीक ओरखडासुद्धा जंतुसंसर्गाने पक्ष्याचा जीव घेतो.

झोप, रात्रीची घबराट आणि दिवाळी

कॉकाटीलला रोज १० ते १२ तास शांत झोप लागते. रात्री बारापर्यंत टीव्ही चालणाऱ्या हॉलमध्ये ती मिळत नाही. एक ठरावीक वेळ ठेवा आणि पिंजरा तीन बाजूंनी सुती कापडाने झाका.

चौथी बाजू उघडी का? कॉकाटीलमध्ये रात्रीच्या घबराटीची सवय बरीच दिसते. अंधारात गाडीचा दिवा चमकला, पाल सरकली, भांडं पडलं की तो झोपेतून उठून पिंजऱ्यात वेड्यासारखा आपटत सुटतो. पंख मोडतात, रक्त येतं. खोलीत मंद दिवा ठेवला तर त्याला आजूबाजूचं दिसतं आणि तो लवकर शांत होतो. असं झालं तर हळू आवाजात बोलत दिवा लावा, लगेच हातात धरू नका.

नवं फुटणारं पीस मोडलं तर त्यातून रक्त वाहतं. त्यावर कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापसाने काही मिनिटं हलकेच दाबा. थांबलं नाही तर लगेच पशुवैद्याकडे न्या. त्याच्या शरीरात रक्तच थोडं असतं, वाट बघायला वेळ नसतो.

दिवाळीत रस्त्याच्या बाजूची खोली टाळा. आतल्या खोलीत पिंजरा हलवा, खिडक्या लावा, मंद दिवा आणि बारीक आवाजात रेडिओ चालू ठेवा. फटाक्यांच्या दिवसांत त्याला पिंजऱ्याबाहेर काढू नका.

तुरा काय सांगतो?

- ताठ उभा तुरा: काहीतरी लक्ष वेधून गेलंय, किंवा दचकलाय.
- किंचित मागे कललेला, सैल: निवांत.
- डोक्याला चिकटवलेला आणि तोंडाने फुत्कार: राग किंवा भीती. हात मागे घ्या, नाहीतर चावेल.
- मान खाली घालून डोकं पुढे करणं: खाजवून हवंय.
- चोच एकमेकींवर हलकेच घासण्याचा आवाज: झोप आलीय, समाधानी आहे.

तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर तो जोरात ओरडतो. ही थव्यातल्या सोबत्याला मारलेली हाक असते. धावत गेलात तर ओरडलं की माणूस येतो, हे तो शिकतो. रागावलात तरी तेच होतं, कारण त्याच्या दृष्टीने उत्तर मिळालेलंच असतं. दुरूनच एक ठरलेली शिट्टी द्या. हळूहळू तोही शिट्टीनेच हाक मारायला लागतो.

माणसाळवायचं कसं?

घरी आल्यावर पहिले काही दिवस त्याला हात लावू नका. पिंजऱ्याजवळ बसा, हळू बोला, तुमचं काम करा. तो तुमच्यासमोर खायला लागला की राळ्याचं कणीस हातात धरून गजांतून द्या. मग दारातून, मग तळहातावर. शेवटी बोट त्याच्या पोटाच्या खालच्या बाजूला, पायांच्या वर टेकवा आणि “ये” म्हणा. तो बोटावर चढला की लगेच बक्षीस द्या.

दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. मुठीत पकडून माणसाळवायला गेलात तर हाताचीच भीती बसते आणि ती महिनोन् महिने जात नाही. चावला तर ओरडू नका, चोचीवर टिचकी मारू नका. शांतपणे त्याला खाली ठेवा आणि थोडा वेळ दूर व्हा.

बोलण्याबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. काही नर चार-दोन शब्द शिकतात, पण त्यांचं खरं कसब शिट्टीत आहे. रोज तीन-चार तास तरी तो पिंजऱ्याबाहेर, तुमच्या नजरेसमोर असावा. घरातले सगळे सकाळी नऊ ते रात्री आठ बाहेर असतील, तर एकच कॉकाटील आणणं त्याच्यावर अन्याय आहे. दोन आणा, किंवा हा विचार सोडा. दोघे असतील तर ते एकमेकांत जास्त रमतील, तुमच्यात कमी, हे आधीच मान्य करा.

अंघोळ, ऊन आणि ऋतू

कॉकाटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. घरात दमा किंवा ॲलर्जी असणारं कुणी असेल तर आणण्याआधी अशा पक्ष्याच्या घरी तास-दोन तास बसून या. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारच्या वेळी कोमट पाण्याचा बारीक फवारा द्या किंवा उथळ ताटलीत पाणी ठेवा. साबण, शॅम्पू नको.

सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास मिळालं तर त्याच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग होत नाही. पिंजरा गॅलरीत ठेवताना अर्धा भाग सावलीत हवा आणि तुम्ही शेजारी हवे. कावळा, घार, मांजर यांना पिंजऱ्याचे गज थोपवत नाहीत.

उन्हाळ्यात पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडून धापा टाकत असेल तर ते उष्माघाताचं लक्षण आहे. सावलीत न्या, पायांवर आणि पंखांखाली साधं पाणी शिंपडा, बर्फाचं नको. थंडीत रात्री झोतापासून वाचवा आणि कापड जाड वापरा. शेगडी किंवा कोळसा खोलीत पेटवू नका.

आजार ओळखा, तो लपवतो

रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. म्हणून कॉकाटील शेवटपर्यंत ठीक असल्याचं भासवतो. “काल तर बरा होता” असं म्हणायची वेळ येते ती त्यामुळे.

यावर एक स्वस्त उपाय आहे: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी वजन घ्या आणि लिहून ठेवा. ९० ग्रॅमचा पक्षी ८१ ग्रॅमवर आला, तर ती दहा टक्के घट आहे. पिसांमुळे ती डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसते. एवढी घट झाली की पशुवैद्याकडे जा.

विष्ठाही रोज बघा. तिच्यात तीन भाग असतात: हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी. काकडी किंवा कलिंगड खाल्ल्यावर पाणी वाढतं, ते चालतं. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा होणं, रक्त दिसणं, आख्खे दाणे बाहेर पडणं हे चालत नाही.

त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायची लक्षणं:

- दिवसा पिसं फुगवून, डोळे मिटून बसणं.
- श्वासाबरोबर शेपटी हलणं किंवा श्वासाचा आवाज येणं.
- पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणं.
- खाणं थांबणं, वारंवार उलटी.
- मादी जोर लावतेय, पोट फुगलंय, पण अंडं येत नाही.

सर्वच पशुवैद्य पक्ष्यांवर उपचार करत नाहीत. म्हणून पक्षी आणण्याआधी पक्ष्यांचा डॉक्टर शोधून ठेवा. जवळ कुणी नसेल तर मुंबईत परळ, तसंच नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा. माणसांची औषधं आणि दुकानदाराने दिलेली रंगीत पावडर पाण्यात टाकू नका.

तुमच्या तब्येतीशी जोडलेली एक गोष्ट. सिटॅकोसिस नावाचा जिवाणूंमुळे होणारा आजार पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला होऊ शकतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला असं दिसतं. प्रतिजैविकांनी तो बरा होतो, पण डॉक्टरांना “घरी पक्षी आहे” हे सांगावं लागतं. पिंजरा साफ करताना कागद आधी ओला करा, नंतर हात धुवा.

मादी एकटीच आहे, तरी अंडी?

हो, कोंबडीसारखंच. नराशिवायही मादी अंडी घालते, ती उबत नाहीत. त्रास वारंवार घालण्याचा आहे, कारण प्रत्येक कवचासाठी तिच्या हाडांतलं कॅल्शियम खर्च होतं. मग अंडं अडकतं आणि जीव जातो.

घातलेली अंडी लगेच उचलू नका. उचलली की ती पुन्हा घालते. दोन-तीन आठवडे बसू द्या, कंटाळून ती स्वतःच सोडते. पिंजऱ्यात घरटं, खोका किंवा कापडाची झोपडी ठेवू नका. सोफ्याखालचे अंधारे कोपरे बंद करा, झोपेचे तास वाढवा आणि पाठीवरून हात फिरवणं थांबवा. डोकं-मान खाजवणं पुरेसं.

उडून गेला तर?

कॉकाटील वेगाने उडतो, पण घरात वाढलेल्याला परत यायची वाट माहीत नसते. पहिल्या तासात तो बहुतेक जवळच्याच झाडावर किंवा गच्चीवर असतो. त्याचा पिंजरा आणि आवडतं खाणं दिसेल असं गच्चीत ठेवा. रोजच्या शिट्टीने हाका मारा आणि त्याच्या उत्तराकडे कान द्या. संध्याकाळी आणि पहाटे तो जास्त बोलतो. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका. दगड मारून किंवा पाणी उडवून त्याला खाली आणायला जाऊ नका, तो आणखी लांब जातो.

सांभाळणं जमत नाही म्हणून ‘मोकळं’ सोडणं ही मात्र दया नव्हे. आपल्याकडच्या झाडांवर काय खायचं, कावळ्यापासून कसं वाचायचं, हे त्याला ठाऊक नसतं. काही दिवसांत तो मरतो. नाईलाज झालाच तर पक्ष्यांचा अनुभव असलेलं घर शोधून द्या.

आणण्याआधी घरच्यांसोबत बसा

या सहा प्रश्नांना उत्तरं द्या. पुढची १५ वर्षं कोण सांभाळणार? रोज तीन तास कोण देणार? गावी गेल्यावर कुणाकडे ठेवणार? पक्ष्यांचा डॉक्टर कुठे आहे? नॉनस्टिक तवा निघेल का? पंख्याचा नियम सगळे पाळतील का?

सहाही उत्तरं मिळाली तर आधी पिंजरा आणा, मग पक्षी. एकदोन अडली, तर थोडं थांबा. दरम्यान गॅलरीत पाण्याचं उथळ भांडं ठेवा. चिमण्या, बुलबुल, साळुंक्या येतील, त्यांना पिंजरा लागत नाही.